करणारा आणि करवणारा : १९९८ सालचे चार गेम

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने व्हिडिओ गेमवर का बोलावं, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. आमचं उत्तर साधं आहे. कोट्यवधी माणसं रोज जी गोष्ट तासन्‌तास करतात, ती करताना नेमकं काय घडतं, हे विचारणं आमच्या विषयाच्या हद्दीत येतं. गेममुळे मुलं बिघडतात की नाही, हा वाद आज बाजूला ठेवू. आज आपण एक वर्ष घेणार आहोत आणि त्या वर्षातले चार गेम.

वर्ष आहे १९९८. गेमच्या चाहत्यांमध्ये या सालाला एक वलय आहे. इतकं चांगलं काम एका वर्षात पुन्हा झालंच नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. यादी खरोखरच मोठी आहे. मार्चअखेर ‘स्टारक्राफ्ट’ आला, आणि पुढे दक्षिण कोरियात त्याने गेम खेळणं हा प्रेक्षकांसमोर करायचा व्यवसाय करून टाकला. सप्टेंबरमध्ये ‘पोकेमॉन’ अमेरिकेत पोचला. नोव्हेंबरात सेगाने जपानमध्ये ‘ड्रीमकास्ट’ बाजारात आणलं. ‘ग्रिम फँडँगो’ त्याच वर्षातला, ‘बॉल्डर्स गेट’ही त्याच वर्षातला. पण यादी केली म्हणजे समीक्षा झाली असं होत नाही. दुकानदारही यादी करतो. एखाद्या वर्षाला थोर म्हणायचं तर त्या वर्षात काही विचार घडला का, वेगवेगळ्या ठिकाणी बसलेली माणसं एकमेकांना न विचारता एकाच प्रश्नाशी येऊन थांबली का, हे पाहायला हवं. आमच्या मते १९९८ मध्ये तसं झालं. चाहत्यांच्या गौरवलेखांत मात्र त्याची दखल फारशी दिसत नाही. तिथे त्रिमितीचं कौतुक असतं, कॅमेऱ्याचं असतं, शत्रूंच्या हुशारीचं असतं.

चारही गोष्टी थोडक्यात सांगतो. ज्यांना गेमची माहिती नाही त्यांनीही नीट ऐका, कारण सगळा मुद्दा गोष्टीतच आहे.

पहिला, ‘हाफ-लाइफ’. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये व्हॉल्व्ह ही कंपनी काढली. १९ नोव्हेंबर १९९८ ला आलेला हा तिचा पहिलाच गेम. नायक गॉर्डन फ्रीमन, वय २७, एमआयटीची सैद्धांतिक भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट. सुरुवातीला आपण एका ट्रॉलीगाडीत बसून भूमिगत प्रयोगशाळेत शिरतो. कितीतरी वेळ काही करायचंच नसतं, नुसतं बघायचं. कामाला उशीर झालेला असतो. मग संरक्षक पोशाख चढवायचा, प्रयोगाच्या खोलीत उतरायचं आणि एका गाडीवर ठेवलेला नमुना किरणांच्या झोतात ढकलायचा. वरच्या काचेमागून शास्त्रज्ञ सूचना देत असतात. यंत्र १०५ टक्क्यांवर नेलेलं असतं, कारण प्रशासकाला आजच निष्कर्ष हवा असतो. आकडे थोडे विचित्र दिसतात, पण चालेल, ढकल. आपण ढकलतो. आणि दुसऱ्या जगाचं दार फुटून प्रयोगशाळेचा विध्वंस होतो. (डॉक्टरेट झालेल्या माणसाला ढकलगाडी ढकलायला लावतात, यात विद्यापीठात नोकरी केलेल्या कुणालाही विशेष नवल वाटणार नाही.)

दुसरा दोनच दिवसांनी, २१ नोव्हेंबरला जपानमध्ये आला. निन्तेन्दोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’. नायक लिंक हा जंगलात वाढलेला पोरगा. राजकन्या झेल्डाही लहानच. तिला स्वप्न पडतं, गॅनन्डॉर्फ हा सरदार राज्य गिळणार आहे असं तिला वाटतं. वडील ऐकत नाहीत. मग ती लिंकला सांगते, तीन रत्नं गोळा कर, काळाचं दार उघड, म्हणजे पवित्र भूमीतली शक्ती त्याच्याआधी आपल्या हाती येईल. लिंक दऱ्याखोरे पालथे घालतो, रत्नं आणतो, दार उघडतो, तलवार उपसतो. त्याच क्षणी त्याच दारातून गॅनन्डॉर्फ आत शिरतो. लिंक तलवार पेलायला लहान म्हणून सात वर्षं झोपवला जातो. जागा होऊन बाजारात येतो तर तिथे प्रेतं चालतायत.

तिसरा त्याआधीचा, ३ सप्टेंबरचा. कोनामी कंपनी, दिग्दर्शक हिदेओ कोजिमा, गेम ‘मेटल गियर सॉलिड’. स्नेक नावाच्या सैनिकाला अलास्कातल्या बेटावर एकटं पाठवलंय. अतिरेक्यांच्या ताब्यातलं अण्वस्त्रवाहू यंत्र निकामी करायचंय. त्यासाठी एक किल्ली आहे, तापमानाप्रमाणे आकार बदलणारी. ती आधी साध्या तापमानाला वापरायची, मग थंडगार कोठारात जाऊन गारठवून आणायची, मग भट्टीपाशी जाऊन तापवून आणायची. ही ये-जा अत्यंत कंटाळवाणी आहे. खेळणारे तिला आजही शिव्या देतात. आणि तिसऱ्यांदा किल्ली लावली की कळतं, यंत्र बंद झालं नाही, आपण ते चालू केलंय. रेडिओवरून सल्ला देणारा जुना प्रशिक्षक हाच वेषांतर केलेला शत्रू. शिवाय निघताना टोचलेल्या सुईतून आपल्याच सरकारने आपल्या अंगात एक विषाणू सोडलाय, आणि आपण ज्यांना वाचवायला गेलो त्यांतलेच काही त्याने मरतायत.

चौथा, वर्ष सरता सरता आलेला ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या लुकिंग ग्लास स्टुडिओचा. नायक गॅरेट, धंद्याने चोर. कॉन्स्टंटाइन नावाचा श्रीमंत विक्षिप्त गृहस्थ त्याला ‘डोळा’ नावाचं रत्न चोरण्याची सुपारी देतो. त्यासाठी आधी चार ताईत चोरावे लागतात. सगळं पार पाडून गॅरेट माल पोचता करतो. कॉन्स्टंटाइन माणूस नसतोच, तो असतो एक वनदैत्य. त्या रत्नाला जिवंत डोळा लागतो, म्हणून गॅरेटचा एक डोळा काढून घेतात.

आता पाहा. चार गेम, दोन खंड. एक मुलांसाठी, एक विज्ञानकथा, एक हेरकथा, एक चोराची गोष्ट. चारही ठिकाणी आपण सांगितलेलं काम मन लावून, चोख करतो, आणि तेच काम हा अनर्थ असतो. आपला नेम चुकल्यामुळे काही बिघडत नाही. आपण नीट खेळलो म्हणून बिघडतं.

कुणी म्हणेल, दगाफटका ही कथेची जुनीच युक्ती आहे. आहेच. सोफोक्लीसचा ईडिपस घ्या, नाहीतर आपल्या सभापर्वातला धर्मराज घ्या. धृतराष्ट्राचं बोलावणं वडीलधाऱ्याचं म्हणून मोडता येत नाही, आणि तो द्यूताला बसतो. निरोप आणणाऱ्या विदुरालाही ते पसंत नसतं, तरी तोही आणतोच. पण तिथे आपण वाचतो, बघतो. इथे किल्ली आपण गारठवून आणली आहे, आणि दोनदा रस्ता चुकून आणली आहे. प्रेक्षकाची हळहळ आणि अंगमेहनत केलेल्याची चरफड या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

हे १९९८ मध्येच का व्हावं? आमचा तर्क असा. जुन्या गेममध्ये काय करायचं हे सांगायला डब्यातली माहितीपुस्तिका होती. वरून शत्रू उतरतायत, त्यांना मारा. का मारा, कोण सांगतंय, हा प्रश्नच नव्हता. पुस्तिका खोटं बोलत नाही, तशी खरंही बोलत नाही. नव्वदच्या दशकात सीडी आली, साठवण वाढली, पात्रं बोलू लागली, आणि पुस्तिकेतल्या सूचना हळूहळू पात्रांच्या तोंडी गेल्या. ‘मेटल गियर सॉलिड’मध्ये तर रेडिओवरची माणसं कोणतं बटण दाबायचं हेही सांगतात. म्हणजे सूचनेला चेहरा आला. आणि ज्याला चेहरा आहे त्याला हेतूही असू शकतो, तो फसवूही शकतो. ‘हे असं खेळतात’ हे वाक्य ‘हे असं कर’ या वाक्यात बदललं, नियमाची आज्ञा झाली. कोजिमाला याची चाहूल फार आधी लागली होती. १९८७ च्या त्याच्या पहिल्या ‘मेटल गियर’मध्ये आपला सेनापतीच शत्रू निघतो, आणि शेवटी शेवटी तो चक्क यंत्र बंद करायची आज्ञा देतो. ती आज्ञा मोडायची म्हणजे खेळत राहायचं! तिथे तो विनोद होता. अकरा वर्षांनी तो विषय झाला.

आता थोडं व्याकरण. शाळेत आपण सगळ्यांनी प्रयोजक क्रियापद शिकलोय. मूल जेवतं, आई मुलाला जेववते. ‘करणे’ आणि ‘करवणे’. मराठीला ही सोय प्रत्ययातच आहे, हे आपलं भाग्य. प्रश्न असा की आई मुलाला जेववते तेव्हा कर्ता कोण? पाणिनीने कर्त्याचं लक्षण स्वातंत्र्य हे ठरवलं. जो क्रियेत स्वतंत्र तो कर्ता. मग करवून घेणाऱ्याला त्याने ‘हेतू’ असं आणखी एक नाव दिलं आणि त्यालाही कर्ता म्हटलं. आणि ज्याच्याकडून करवलं जातं, त्याचं काय? त्याचंही कर्तेपण पुसलं जात नाही, कारण घास शेवटी तोच चावतो. तोंड घट्ट मिटून बसलेल्या मुलाला जेववून पाहिलेल्या कुणालाही हे शास्त्राधार न देता पटेल. व्हिडिओ गेम हे आमच्या मते प्रयोजकाचं यंत्र आहे. तो आपल्याकडून करवतो आणि आपण केलं असं आपल्याला वाटू देतो. १९९८ च्या या चार गेमनी ते यंत्र उघडून आतली चाकं दाखवली.

या चाकांचं महत्त्व गेमपुरतं नाही. येल विद्यापीठात १९६१ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी सुरू केलेले प्रयोग आपल्यापैकी काहींना ठाऊक असतील. १९६३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचे वाढते झटके द्यायचे होते. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. कोट घातलेला प्रयोगकर्ता शांतपणे ‘पुढे चला’ म्हणायचा. ४० पैकी २६ माणसं ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेली. ‘हाफ-लाइफ’मधला तो काचेमागचा आवाज ऐकताना आम्हाला हा प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही. पांढरा कोट, समजूतदार स्वर, आकडा जरा जास्त आहे पण काळजी नको.

मात्र इथे एक मोठी अडचण आहे आणि तिच्यावरून घाईने उडी मारता येणार नाही. मिलग्रॅमच्या खोलीतून उठून जाता येत होतं. चौदा जण शेवटापर्यंत गेले नाहीत. ‘हाफ-लाइफ’मध्ये गाडी ढकलायला नकार देता येत नाही. उभे राहा हवे तितके, शास्त्रज्ञ तेच सांगत राहतील. कांटच्या नीतिविचाराचं एक सूत्र आहे की ‘करायला हवं’ म्हणायचं तर आधी ‘करता येतं’ असायला हवं. ते धरलं तर खेळणाऱ्यावर काहीच जबाबदारी येत नाही, आणि ही सगळी अपराधाची भाषा पोकळ ठरते. गेम बंद करता येतो की, असं तरुण मंडळी म्हणतात. येतो. पण नाटक चालू असताना प्रेक्षक उठून गेला म्हणून नाटकातल्या खुनाला त्याने नकार दिला असं कुणी म्हणत नाही. तेव्हा अपराधाची भाषा आम्ही सोडून देतो. हे गेम आपल्याला दोषी ठरवू शकत नाहीत. ते दाखवू शकतात ती एक सवय. सांगणाऱ्याकडे न बघता सांगितलेलं करत सुटण्याची सवय. ती सवय दाखवून झाल्यावर प्रत्येक गेम काय करतो, यावर आमची पसंती-नापसंती ठरते.

‘हाफ-लाइफ’ काहीच करत नाही. फ्रीमन सबंध गेममध्ये एक शब्द बोलत नाही. आपत्तीनंतर त्याला कुणी जाब विचारत नाही, तोही कुणाला विचारत नाही. पळा, वर जा, मदत आणा. रचनेचं कौशल्य असामान्य आहे. कथा सांगण्यासाठी खेळ कुठेही थांबवायचा नाही, दृष्टी कायम नायकाच्या डोळ्यांतूनच ठेवायची, हे पथ्य त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. पण ज्या गाडीवर सगळी इमारत उभी आहे ती गाडी पुढे विसरली जाते. शेवटी सूटबूट घातलेला एक गूढ माणूस नोकरी देऊ करतो. दारात पाऊल टाकलं तर नोकरी मिळते, नाही टाकलं तर निःशस्त्र अवस्थेत राक्षसांच्या गराड्यात सोडतात. इथे नकार देता येतो, पण तो मरणाच्या भावाने मिळतो. आणि २००४ मध्ये दुसरा भाग आला तो नोकरी घेतली असं धरूनच. नकार देणाऱ्यांची नोंद पुसली गेली. सर्वांत गाजलेला गेम या प्रश्नात सर्वांत उथळ आहे, हे आमचं मत चाहत्यांना रुचणार नाही. ‘हाफ-लाइफ’च्याच सांगाड्यावर पुढच्या वर्षी ‘काउंटर-स्ट्राइक’ उभा राहिला. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत तो जितका खेळला गेला, तितकी मूळ गेममधली ही ढकलगाडी काही कुणाच्या लक्षात राहिली नाही.

‘मेटल गियर सॉलिड’ उलट फार बोलतो. शत्रू फुशारकी मारतो, वर आपल्यालाच सुनावतो की तुला मारण्यात मजा येते म्हणून तू इथवर आलास. प्रयोजकानेच प्रयोज्याला दोष द्यायचा, हा प्रकार घरोघरी आणि कचेरी-कचेरीत ओळखीचा आहे. कोजिमाला तो नेमका सापडलाय, पण त्यावर तो प्रवचन झोडतो, तेव्हा कंटाळा येतो. मात्र त्याच गेममध्ये एक जागा अशी आहे जिथे कांटची अट पुरी होते. स्नेकचा छळ चाललेला असतो. बटण वेगाने दाबत राहिलं तर तो तग धरतो, दुसरं बटण दाबलं तर शरण जातो, आणि शरण गेलं तर मेरिल ही त्याची सहकारी शेवटी मेलेली सापडते. छळणारा आधीच बजावतो की इथे मेलास तर पुन्हा संधी नाही. इथे निवड खरी आहे, आणि ती बोटांच्या दुखण्यातून करायची आहे. आमची बोटं सत्तरी ओलांडल्यावर ऐकत नाहीत, म्हणून हा भाग आम्ही नातवाकडून खेळवून घेतला. म्हणजे आम्ही प्रयोजक झालो! त्याने मध्येच मान वर करून विचारलं, ‘आजोबा, सोडू का?’ आम्ही नको म्हटलं. त्याची बोटं दुखत होती, मेरिल आमची वाचली.

‘थीफ’ आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. गॅरेटला कुणी देशासाठी, सत्यासाठी असं काही सांगितलेलं नाही. पैसे घेऊन त्याने काम घेतलंय आणि गिऱ्हाईक कोण हे विचारलेलं नाही. त्याची किंमत त्याच्या देहाने चुकती होते. आणि खेळही या विचाराला धरून आहे. अंधारात थांबायचं, कान द्यायचा, फरशीवर पाय वाजतो म्हणून गालिच्यावरून जायचं, मशाल विझवायला पाण्याचा बाण. सर्वांत कठीण पातळीवर माणूस मारायला बंदी. चांगला खेळणारा इथे हात आवरायला शिकतो. इतर गेम हाताला काम देत होते, त्या वर्षी हे अगदी वेगळं होतं. मे २००० मध्ये लुकिंग ग्लास बंद पडला. तिथे ‘थीफ’च्या सुरुवातीच्या घडणीत असलेले केन लेव्हिन पुढे २००७ मध्ये ‘बायोशॉक’ घेऊन आले, आणि त्यात आज्ञापालनाचा हाच धागा त्यांनी अगदी उघड्यावर मांडला. त्या गेमचं कौतुक ‘नवी कल्पना’ म्हणून झालं. नऊ वर्षांपूर्वी चार ठिकाणी ती होऊन गेली होती.

राहिला झेल्डा. मुलांचा म्हणून गंभीर माणसं त्याला शेवटी ठेवतात, आम्हीही ठेवला, पण वेगळ्या कारणाने. चौघांपैकी इथे एकट्या झेल्डानेच प्रयोजक म्हणून तोंड उघडलंय. सगळं संपल्यावर, गॅनन्डॉर्फ कोंडला गेल्यावर, ती लिंकला सांगते की राज्यावर जे संकट आलं ते माझ्यामुळे आलं, मी लहान होते, पवित्र भूमीवर ताबा मिळवायला गेले तर काय होईल हे मला कळलं नाही, आणि त्यात मी तुलाही ओढलं. वरच्या काचेमागून सूचना देणारा कुणी असं म्हणत नाही. स्नेकचं सरकार म्हणत नाही, कॉन्स्टंटाइन तर नाहीच. झेल्डा म्हणते, आणि मग तिच्याकडे जे देण्यासारखं आहे ते देते. लिंकची हरवलेली सात वर्षं. ती त्याला बालपणात परत पाठवते.

यात एक खोच आहे. परत गेल्यावर लिंक पुन्हा त्याच राजवाड्याच्या अंगणात उभा राहतो. समोर छोटी झेल्डा आहे, तिने अजून काहीच केलेलं नाही. कबुली देणारी झेल्डा मागे राहिली, आणि जे घडलं ते ठाऊक असलेला उरला फक्त लिंक. ती वळून त्याच्याकडे बघते, आणि तिथेच गेम संपतो. पुढे तो तिला काय सांगतो, हे त्या गेममध्ये नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ या. पुढच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.